महत्त्वाचे कागद ऐनवेळी सापडत नाहीत? आधी बिघाड नेमका कुठे आहे ते पाहा

दर वेळी तेच होतं. कुठल्याशा अर्जाला जन्मदाखला जोडायचा असतो, फाईल उघडली जाते आणि फाईलमध्ये दाखला नसतो. मग कपाट, मग जुन्या पिशव्या, मग घरातल्या प्रत्येकाला विचारणा. सापडतो तेव्हा अर्जाची मुदत संपत आलेली असते. पुढच्या सुट्टीत नव्या फाईली आणल्या जातात, सगळे कागद नीट लावले जातात, वर नावं लिहिली जातात. आणि वर्षभरात पुन्हा पहिले पाढे पंचावन्न.

नव्या फाईलने हा प्रश्न सुटत नाही, कारण जागेवर असलेला कागद आपण होऊन कुठे जात नाही. कागद हरवतो तो बाहेर काढल्यावर. म्हणून सगळं घर उलटंपालटं करण्याआधी त्या कागदाचा शेवटचा प्रवास आठवा: तो शेवटचा कोणत्या कामासाठी बाहेर पडला होता? शोध तिथून सुरू करायचा.

कागद सापडतच नाही

पहिली जागा म्हणजे त्या कामाचं बाड. कर्जासाठी, प्रवेशासाठी, व्हिसासाठी आपण दहा ठिकाणचे कागद एकत्र करतो, एका पिशवीत घालतो. काम झालं की ती पिशवी तशीच्या तशी कपाटात जाते. वर लिहिलेलं असतं ‘प्रवेश’, आणि आत असतो जन्मदाखला, आईवडिलांचा विवाहदाखला, घराचा करारनामा. पुढच्या वेळी आपण करारनामा ‘घर’ या फाईलमध्ये शोधतो. तो हरवलेला नसतोच, फक्त ‘प्रवेश’मध्ये राहिलेला असतो. काम संपलं त्याच दिवशी बाड सोडायचं आणि मूळ कागद आपापल्या जागी परत करायचे, एवढी एकच सवय लागली तरी निम्मी शोधाशोध थांबते.

दुसरी जागा झेरॉक्स मशीन किंवा स्कॅनर. हे प्रत्यक्ष कसं घडतं ते पाहा. कागद काचेवर पालथा ठेवलेला असतो, वर झाकण. प्रती बाहेर येतात त्या दुसऱ्या बाजूने. नजर आणि हात प्रतींकडे जातात, त्या मोजल्या जातात, आणि शेवटचा मूळ कागद झाकणाखाली तसाच राहतो. आठ कागदांच्या गठ्ठ्यात हरवतो तो बहुधा आठवा. दुकानात राहिला असेल तर त्याच दिवशी परत जा. तिथे राहिलेले कागद थोडे दिवस बाजूला ठेवलेले असतात, कायमचे नाही. आणि प्रती काढताना मोजणी मूळ कागदांची करा. आठ नेले होते, आठ हातात आहेत, मग निघायचं.

तिसरी शक्यता जास्त त्रासदायक आहे. फाईलमध्ये दाखला आहे, पण तो मूळ नाही, रंगीत प्रत आहे. आजकालच्या रंगीत प्रती इतक्या चांगल्या निघतात की शिक्कासुद्धा खरा वाटतो. कुठल्यातरी अर्जासोबत चुकून मूळ गेलेला असतो आणि प्रत घरी आलेली असते. ओळखायला तीन खुणा आहेत. कागद उजेडासमोर धरून जलचिन्ह दिसतं का पाहा. उठावाच्या शिक्क्यावरून बोट फिरवा. सहीच्या जागी पेनाच्या दाबाने कागद मागून किंचित उठलेला आहे का तपासा. मात्र आता बऱ्याच दाखल्यांवर क्यूआर कोड आणि डिजिटल सही असते, तिथे या खुणा लागू पडत नाहीत, कारण छापलेला कागद ही तिथे फक्त एक प्रत असते आणि खरी गोष्ट म्हणजे तो कोड. प्रत घरात आली की तिच्या मागच्या बाजूला पेन्सिलीने कोपऱ्यात ‘प्रत’ लिहावं. पुढच्या वेळी गोंधळ होत नाही.

पुन्हा हरवू नये म्हणून: जागेवर चिठ्ठी

जुनी दप्तरं सांभाळणाऱ्या अभिलेखागारांत आणि ग्रंथालयांत एक साधी पद्धत आहे. फाईल बाहेर गेली की तिच्या रिकाम्या जागी एक जाड पुठ्ठ्याचं कार्ड उभं राहतं: कोणती फाईल, कोणी नेली, कधी, कशासाठी. फाईल परत आली की कार्ड निघतं. घरात याहून वेगळं काही लागत नाही.

प्रत्येक मूळ कागदाला एक पारदर्शक कप्पा द्या. त्या कप्प्यात कागदाच्या मागे एक रंगीत चिठ्ठी कायमची ठेवून द्या. कागद बाहेर काढला की चिठ्ठीवर पेन्सिलीने तारीख आणि काम लिहायचं आणि ती पुढे आणायची. फाईल चाळताना जिथे रंग दिसेल तिथला कागद बाहेर आहे. महिना उलटला तरी रंग दिसतोय, म्हणजे कागद वाटेत कुठेतरी अडकलाय, आणि तेव्हा तो कुठे आहे हे अजून आठवत असतं. सहा महिन्यांनी आठवत नाही.

हे घरातल्या सगळ्यांनी पाळायला हवं, एकट्याने पाळून उपयोग नाही. म्हणून पद्धत जितकी सोपी, तितकी टिकते. विषयवार वीस विभाग आणि त्यांचे उपविभाग करणाऱ्या याद्या मी पुष्कळ पाहिल्या आहेत. कागद परत ठेवताना ‘हा विमा की वाहन?’ असा विचार करावा लागला की माणूस तो वरच ठेवून देतो. वाहनविम्याचा कागद नेमका असाच वर पडून राहतो.

मला पटलेली विभागणी वेगळी आहे: कागद गेला तर परत मिळवायला किती कठीण, यावरून करायची. पहिला गट ज्यांची दुसरी प्रत सहजासहजी मूळची जागा घेत नाही असे कागद: सही केलेलं मृत्युपत्र, मालमत्तेची मूळ खतं, कागदी शेअर प्रमाणपत्रं, हाताने लिहून दिलेली वचनपत्रं. हे घरात असले तरी रोजच्या फाईलमध्ये ठेवू नयेत. बँकेचा लॉकर किंवा चांगली तिजोरी. दुसरा गट सरकारी कार्यालयं, विद्यापीठं वगैरे पुन्हा देऊ शकतात असे कागद: जन्म, विवाह, गुणपत्रिका, पारपत्र. हे चिठ्ठीवाल्या फाईलमध्ये. तिसरा गट मुदतीचे कागद: पावत्या, हमीपत्रं, चालू वर्षाची पॉलिसी, बिलं. हे एका साध्या पेटीत, ताजा वर, आणि वर्षातून एकदा उपसायचे. वैद्यकीय कागद मात्र या तिन्हींपासून वेगळे, माणसागणिक एक फाईल आणि तारखेने लावलेले. डॉक्टरला विषय नको असतो, क्रम हवा असतो.

कागद आहे, पण वाचता येत नाही

इथे कारण कागदावरूनच कळतं, म्हणून नीट बघा.

पावती कोरी झाली असेल तर तो थर्मल कागद आहे. त्यावर शाई नसते. कागदाच्या थरातलं रसायन उष्णतेने काळं पडतं, तीच अक्षरं. तपासणी सोपी आहे: कोपऱ्यावर नख जोरात ओढा. घर्षणाच्या उष्णतेने काळी रेघ उमटली की तो थर्मल. असा कागद उजेड, उष्णता, हाताचं तेल आणि मऊ प्लास्टिक या सगळ्यांनी फिका होतो. हमीपत्रासोबतची पावती आल्याच दिवशी साध्या कागदावर प्रत काढून दोन्ही एकत्र ठेवा. तिला लॅमिनेशन अजिबात करू नका. मशीनच्या उष्णतेने अख्खी पावती काळीठिक्कर होते. फिकी झालेली पावती स्कॅन करून काँट्रास्ट वाढवला तर कधीकधी अक्षरं वाचता येतात, तेवढा प्रयत्न करून पाहावा.

अक्षरं प्लास्टिकच्या कप्प्याला चिकटून आली असतील तर तो कप्पा पीव्हीसीचा आहे. पीव्हीसी मऊ राहावं म्हणून त्यात जी द्रव्यं घालतात ती हळूहळू बाहेर झिरपतात आणि लेझर प्रिंटरची, झेरॉक्सची काळी पूड विरघळवून ओढून घेतात. उग्र ‘नव्या प्लास्टिकचा’ वास आणि हाताला चिकट लागणारा पृष्ठभाग ही त्याची ओळख. चिकटलेला कागद खसकन ओढू नका. आधी प्लास्टिकवरूनच दोन्ही बाजूंचा चांगला फोटो किंवा स्कॅन घ्या, म्हणजे पुढे काही झालं तरी मजकूर हाती राहील. मग कप्प्याच्या तीन कडा कात्रीने कापा आणि प्लास्टिक, कागद नव्हे, हळूहळू मागे वळवत सोडवा. नवे कप्पे पॉलिप्रॉपिलीन किंवा पॉलिएस्टरचे घ्या. पाकिटावर लिहिलेलं असतं.

लॅमिनेशनबद्दल स्पष्ट सांगतो: मूळ दाखल्याला ते करू नये. गरम गोंद कागदाच्या धाग्यांत शिरतो आणि पुन्हा सुखरूप निघत नाही. शिवाय अनेक कार्यालयांना कागदाचा पोत, उठावाचा शिक्का, मागची नोंद तपासायची असते किंवा त्यावर नवी नोंद करायची असते. बंद केलेल्या कागदावर यातलं काहीच करता येत नाही, म्हणून असा दाखला नाकारला जाऊ शकतो. जपण्याच्या इच्छेने केलेलं काम कागदाच्या मुळावर येतं. आधीच केलं असेल तर फोडत बसू नका. नवी प्रमाणित प्रत मागवा आणि लॅमिनेट केलेला कागद संदर्भासाठी ठेवा, त्यावरचा नोंदणी क्रमांक उपयोगी पडतो.

घडीवर फाटलेल्या कागदाला पारदर्शक चिकटपट्टी लावायचा मोह होतो. काही वर्षांत तिचा गोंद पिवळा पडून आत झिरपतो आणि नेमकी मधली ओळ जाते. कागद उलगडून सपाट ठेवा, दोन्ही तुकडे एका कप्प्यात बसवा, बस्स. स्टेपलरची पिन गंजून तपकिरी डाग पाडते, रबरबँड वितळून चिकटतं. दोन्ही काढून टाका.

वास, राखाडी ठिपके, कडेला कुरतडल्यासारखं दिसत असेल तर दोष दमट हवेचा. हवेतली आर्द्रता ६५ टक्क्यांच्या वर टिकून राहिली की बुरशीला वाव मिळतो, आणि अंधाऱ्या दमट जागेत कसर येते. कागदाला लावलेली खळ तिचं खाणं. कागदाची जागा बाहेरच्या भिंतीला, न्हाणीघराच्या भिंतीला किंवा जमिनीला टेकलेली नको. सिलिका जेलच्या पुड्या ठेवत असाल तर रंग बदलणाऱ्या घ्या आणि रंग बदलला की सुकवून पुन्हा वापरा. ओलावा पिऊन भरलेली पुडी काहीही करत नाही, आणि बहुतेक कपाटांत तशीच पुडी असते.

आणि तिजोरी. अग्निरोधक तिजोरीवरचं मानांकन वाचा. कागदासाठीच्या नेहमीच्या मानांकनात ठरलेल्या वेळेपर्यंत आतलं तापमान १७७ अंश सेल्सियसच्या खाली राहील एवढीच हमी असते. कागद त्यात तगतो. पेन ड्राइव्ह आणि हार्ड डिस्क तगत नाही; त्यांच्यासाठीचं मानांकन ५२ अंशांचं असतं. अशा तिजोऱ्यांच्या भिंतींतल्या भरावात पाणी असतं, आगीत त्याचीच वाफ आतला भाग थंड ठेवते. त्यामुळे बंद तिजोरी एरवीही आतून दमट राहू शकते. आत कागद हवाबंद पिशवीत ठेवा आणि मधूनमधून दार उघडा.

कागद भिजले

इथे घाई दोन्ही बाजूंनी नडते. साधारण ४८ तासांत बुरशी धरू लागते, म्हणून वाट पाहायची नाही. पण ओले कागद एकमेकांपासून ओढून वेगळे करायचेही नाहीत, ओला कागद स्वतःच्या वजनानेही फाटतो. सुटे कागद टिपकागदावर किंवा पांढऱ्या सुती कापडावर सपाट पसरा, पंखा चालू ठेवा पण त्याचा झोत थेट नको. कडक ऊन, इस्त्री, गरम हवेचं यंत्र नको. इंकजेटची छपाई असेल तर पुसू नका, तिची शाई पाण्याने पसरते. चिकटलेला गठ्ठा असेल आणि आज वेळ नसेल तर पिशवीत घालून फ्रीजरमध्ये ठेवा. गोठलेल्या कागदावर बुरशी वाढत नाही आणि शाई पसरायची थांबते. नंतर थोडा थोडा बाहेर काढून सुकवता येतो. महापुरांनंतर अभिलेखागारांतले तज्ज्ञही आधी हेच करतात.

खरोखरच गेला: दुसरी प्रत कशी मिळवायची

१२ जुलै १९७३ रोजी अमेरिकेत सेंट लुइसजवळच्या लष्करी सेवानोंदींच्या केंद्राला आग लागली. १ कोटी ६० लाख ते १ कोटी ८० लाख माणसांच्या फाईली गेल्या. त्यांच्या दुसऱ्या प्रती नव्हत्या, मायक्रोफिल्म नव्हती, आणि आगीआधी केलेली सूचीही नव्हती. काय गेलं हेच सांगता येईना. पुढे अनेकांची सेवा पगाराच्या नोंदी, इस्पितळाच्या नोंदी अशा दुसरीकडे असलेल्या कागदांवरून जुळवावी लागली. घरच्या पातळीवर यातून दोन कामं निघतात.

पहिलं काम यादीचं. कागदाची प्रत नसली तरी चालेल, पण क्रमांक हवा. एका पानावर प्रत्येक कागदासाठी एवढंच: कोणाचा, नोंदणी किंवा अनुक्रमांक, दिल्याची तारीख, देणारं कार्यालय, मुदत, आणि नाव त्यावर नेमकं कसं लिहिलंय. हा शेवटचा रकाना बहुतेक जण सोडतात. एका कागदावर पूर्ण नाव, दुसऱ्यावर आद्याक्षरं, तिसऱ्यावर लग्नाआधीचं आडनाव, चौथ्यावर एक अक्षर वेगळं, हे सगळं एका पानावर आलं की पुढच्या नकाराचं कारण आधीच दिसतं. दुरुस्ती करायची तर सगळ्यात जुन्या, पायाच्या कागदापासून करा. वरचे कागद आधी बदलले तर ते पुन्हा बदलावे लागतात.

दुसरं काम कागद गेल्यावरचं, आणि त्याचा क्रम असा. ज्याचा गैरवापर होऊ शकतो ते आधी बंद करा: कार्ड, धनादेश पुस्तिका, ओळखपत्र. मग हरवल्याची तक्रार लेखी द्या आणि तिचा पोच क्रमांक घ्या, कारण पुढचं जवळपास प्रत्येक कार्यालय तो मागतं. पारपत्राच्या बाबतीत एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा: हरवल्याची नोंद झाली की ते बहुतेक देशांत रद्द होतं आणि त्याचा क्रमांक इंटरपोलच्या चोरीस गेलेल्या व हरवलेल्या प्रवासी कागदांच्या संग्रहात जाऊ शकतो. हा संग्रह २००२ पासून आहे. नंतर गादीखाली सापडलं तरी त्यावर प्रवास करू नये, सीमेवर अडवतील. म्हणून तक्रारीआधी वर सांगितलेला शोध पुरा करा, पण पारपत्र चोरीला गेलं असेल तर क्षणभरही थांबू नका.

मग पायाचा कागद. जन्मदाखला मिळाला की ओळखपत्र मिळतं, ओळखपत्र मिळालं की बाकीचे. पण कधीकधी जन्मदाखल्याला ओळखपत्र लागतं आणि ओळखपत्राला जन्मदाखला, आणि माणूस दोन खिडक्यांच्या मध्ये फिरत राहतो. अशा वेळी ‘हे नसेल तर काय चालतं?’ असं लेखी विचारा. पर्यायी पुराव्यांची यादी बहुतेक ठिकाणी असते: शाळेच्या पटावरची नोंद, इस्पितळाची नोंद, प्रतिज्ञापत्र, आईवडिलांपैकी कोणी केलेला अर्ज. तोंडी उत्तरात ती यादी येत नाही.

अर्ज करताना शब्द नेमका वापरा. साक्षांकित प्रत म्हणजे तुमच्याकडच्या मूळ कागदाची झेरॉक्स, कोणीतरी पाहून सही केलेली. मूळ हरवल्यावर ती काढताच येत नाही. प्रमाणित प्रत म्हणजे कार्यालयाने स्वतःच्या नोंदवहीतून दिलेली, आणि तीच हवी. मिळत असेल तर दोन घ्या. परदेशासाठी हवी असेल तर अपॉस्टिल, म्हणजे दाखल्यावरची सही खरी असल्याचा सरकारी शिक्का, लागेल का ते आधी विचारा. १९६१ च्या हेग करारातल्या देशांत तो शिक्का चालतो, आणि काही देश दाखला अलीकडच्या महिन्यांतलाच हवा असा आग्रह धरतात.

स्कॅन आहेत, पण तेही सापडत नाहीत

कारण ते फोनच्या फोटोंत मिसळलेले असतात. स्कॅन ३०० डीपीआयवर (एका इंचात ३०० ठिपके), रंगीत, दोन्ही बाजूंचा, एका कागदाची एक पीडीएफ. मागची बाजू कोरी वाटली तरी घ्या, नोंदी तिथेच असतात. नावाची सुरुवात तारखेने, वर्ष आधी: २०१९-०४-१२, मग माणूस, मग कागद. अशा फाईली आपोआप क्रमाने लागतात. तीन प्रती, दोन वेगळ्या साधनांवर, एक घराबाहेर, हा नियम घरालाही पुरतो. कपाटात पडून असलेल्या पेन ड्राइव्हवर भरवसा ठेवू नका. वीज न मिळता तो वर्षानुवर्षं पडला की माहिती जाऊ शकते. वर्षातून एकदा लावून दोनचार फाईली उघडून बघा. जुनी बिलं टाकताना खातेक्रमांक, जन्मतारीख, सही असलेला भाग बारीक फाडून टाका.

तुम्ही नसताना

शेवटचा बिघाड असा की सगळं जागेवर असतं आणि एकालाच माहीत असतं. मृत्युपत्र एकट्याच्या नावावरच्या लॉकरमध्ये असेल तर ती व्यक्ती गेल्यावर लॉकर उघडायलाच वारसाचे कागद लागतात, आणि हवा असलेला कागद आत बंद. म्हणून लॉकरला दुसरं नाव जोडा, किंवा मृत्युपत्र वकिलाकडे किंवा ज्याच्यावर अंमलबजावणी सोपवली आहे त्याच्याकडे द्या. यादीचं ते एक पान घरातल्या आणखी एका माणसाला दाखवा, स्कॅनचा पासवर्ड पाकिटात सीलबंद करून त्याच्याकडे द्या, आणि पासवर्ड बदलला की पाकीटही त्याच दिवशी बदला.